आधी झोप ठरवा, मग जोर मारा : काम, आराम आणि व्यायामाचा मेळ कसा घालावा

शाळेत असताना दोन वर्षं मी तालमीत जात होतो. पैलवान झालो नाही, हे माझ्याकडे बघूनच कळतं. पण तिथली एक गोष्ट मला फार उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर उमगली. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारी, फावड्यानं कुस्तीचा मातीचा हौदा उकरणारी, एकामागून एक लढती धरणारी ती पोरं सकाळचा खुराक झाला की चक्क झोपायची. दुपारी तालमीत डोकावलं तर नुसतं घोरणं ऐकू यायचं. आम्हाला हसू यायचं. वस्ताद मात्र त्या वेळी दाराशी कुणी मोठ्यानं बोललं तरी खवळायचे. "मेहनत कोण बी करतंय रे," म्हणायचे, "झोपतंय कोण?"

आपण सगळ्यांनी तालमीतलं अर्धंच उचललंय. एक जानेवारीला आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालायला जागा नसते, आणि फेब्रुवारीत कुठल्याही बाकावर ऐसपैस बसता येतं. त्या जानेवारीतल्या गर्दीत एका वर्षी मीही होतो. शिरोली एमआयडीसीत हिशेबाचं काम, घरी यायला आठ, झोपायला बारा आणि गजर पाचचा. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला, व्हाउचरवर मान टाकून पेंगलो आणि घरी कारण नसताना पोरावर खेकसलो. धावणं वाईट नव्हतं. धावायला लागणारा तास मी झोपेतून चोरला होता, चूक ती होती.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी झोप, मग काम, आणि व्यायाम शेवटी.

पहिला आठवडा : काही सुधारू नका, लिहा

एक साधी वही घ्या. झोपलो कधी, उठलो कधी, कामावर किती वेळ, प्रवासात किती, मोबाइलवर किती. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा, तीस सेकंद मोजून दुप्पट करा. अंगठ्यानं मोजू नका, त्याचेच ठोके लागतात. हा आकडा रोज लिहा, पुढे फार कामाला येणार आहे.

आठवड्याचे तास १६८. रोज साडेसात तास झोप धरली तर साडेबावन्न गेले. नोकरी आणि जाणं-येणं मिळून साठ धरा. तरी पंचावन्न उरतात, आणि व्यायामाला लागतात जेमतेम तीन-चार. वेळ नाही असं आपण म्हणतो तेव्हा तो गेलाय कुठे, हे वही दाखवते. माझा रोज रात्री सव्वा तास रील्समध्ये जात होता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

वहीनं आणखी एक पोल खोलली. मी सकाळी पाऊण तास बाहेर असताना दोन डबे, चहा, पाणी भरणं सगळं बायकोवर पडत होतं. "अहो, तुमचा व्यायाम माझ्या झोपेतनं चाललाय," ती एकदा म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. घरात एकाचा मेळ बसला आणि दुसऱ्याचा मोडला तर त्याला मेळ म्हणत नाहीत. आता तीन दिवस सकाळी मी जातो, तीन दिवस ती जाते, आणि त्या दिवशी कुकर मी लावतो. तुमच्या घरची वाटणी वेगळी असेल, पण वही दोघांची ठेवा.

दुसरं पाऊल : झोप मागून मोजत या

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. "मला पाच पुरतात" म्हणणारे बहुतेक जण दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपलेले असतात. उठायची वेळ आधी ठरवा, तिथून साडेसात-आठ तास मागे या. साडेपाचला उठायचंय तर साडेनऊ ते दहाला अंथरुणावर. ते जमत नसेल तर गजर साडेसहाचा लावा आणि व्यायाम संध्याकाळी करा. पहाटेचाच व्यायाम खरा, असं काही नाही. उठायची वेळ मात्र रविवारीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका.

झोपेला इतका मान का, तर व्यायामानं स्नायू वाढत नाहीत, आधी त्यांच्यावर ताण पडून बारीक इजा होते. भरून येणं आणि मजबूत होणं नंतरच्या दिवस-दोन दिवसांत चालतं, आणि त्यातला मोठा वाटा गाढ झोपेचा असतो. जोर मारायचे आणि झोप तोडायची म्हणजे भिंत पाडून गवंड्याला सुट्टी द्यायची.

दमलेल्या अंगाची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला लढले. जपानच्या इशीबरोबरची दमवणारी कुस्ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली. कांस्यपदक आलं, आणि ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. तो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, यावर आमच्या पेठेत अजून वाद रंगतो.

झोपेच्या दोन चोरांकडे लक्ष ठेवा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कटिंगचा बराच अंमल अकराला अंगात शिल्लक असतो. चार वाजल्यानंतर मी चहा सोडला. कट्ट्यावर टिंगल झाली, ती महिनाभर टिकली. दुसरा चोर रात्री दहाचा तांबडा-पांढरा. रस्सा सोडा असं मी कोल्हापुरात लिहिणार नाही, पण जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येऊन व्यायामाला जुंपून घेऊ नये. आधी झोपावं. खिडकीला जाड पडदा, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि बेल वाजवू नये म्हणून दारावर चिठ्ठी. उठल्यावर, कामाला जाण्याआधी, व्यायाम. पाळी बदलते ते पहिले दोन दिवस फक्त चालावं.

तिसरं पाऊल : तुमचं काम बसून की उभं?

"आमचं कामच व्यायाम आहे," हे वाक्य उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, हमखास ऐकू येतं. फाउंड्रीत साचे उचलणारा किंवा दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस दमतो, हे खरं. पण त्याचे तेच तेच स्नायू, त्याच बाजूला, तासन् तास राबतात. गरमी असते, मध्ये थांबायची सोय नसते, आणि वजन किती उचलायचं ते अंग ठरवत नाही, ऑर्डर ठरवते. व्यायामात थोडा ताण आणि मग विश्रांती असते. कामात ताणावर ताण असतो. अशा माणसानं काम सुटल्यावर पुन्हा वजन उचलायला जाण्याऐवजी पंधरा मिनिटं पाय भिंतीला टेकवून आडवं व्हावं, पाठ आणि मांड्या हळू ताणाव्यात, आणि आठवड्यातून दोनदा कामात न वापरलेल्या स्नायूंचा हलका व्यायाम करावा.

बसून काम करणाऱ्यांचं उलटं. सकाळी तासभर घाम गाळून नंतर नऊ तास खुर्चीला चिकटलं तर कमाईतलं बरंच परत जातं. अर्ध्या-पाऊण तासानं दोन मिनिटं उठा. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागतं. जेवणानंतर दहा मिनिटं चाला, रक्तातली साखर एकदम चढत नाही. दुपारी डोळे मिटायची सोय असेल तर वीस मिनिटं पुरे. तास-दीड तास झोपलात तर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप पुढे ढकलली जाते.

चौथं पाऊल : व्यायाम थोडा, पण लक्ष पूर्ण

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे किती? चालताना सोबत्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या आवारात सकाळी बघा, निम्मे लोक आरामात गाऊ शकतील अशा चालीनं चालतात. गप्पा छान होतात, व्यायाम थोडाच होतो.

ताकदीसाठी यंत्रं लागतातच असं नाही. जोर आणि बैठका पुरतात, फक्त सुरुवात जमिनीवरून करू नका. पहिले दोन आठवडे भिंतीला हात टेकवून जोर, मग ओट्याच्या उंचीवर, मग गुडघे टेकवून आणि शेवटी जमिनीवर. बैठकांच्या जागी आधी खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. आठ-आठच्या तीन फेऱ्या आणि दोन फेऱ्यांत दीड-दोन मिनिटं थांबणं. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन वाढवा. शाळेत मी पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्या होत्या. पुढचे तीन दिवस जिना बसून उतरलो.

कुठे थांबायचं याची खूण आयुर्वेदानं फार पूर्वी दिलीये. निम्मी शक्ती खर्च होईल इतकाच व्यायाम करावा. कपाळावर, नाकावर, काखेत, सांध्यांवर घाम फुटला, तोंड कोरडं पडायला लागलं की पुरे. पैलवानाचं गणित वेगळं, त्याला मैदान मारायचंय. आपल्याला उद्या सकाळी ऑफिस गाठायचंय.

लक्ष पूर्ण म्हणजे काय, तर हौद्यात उतरलेला पोरगा जोडीदाराच्या खांद्यावरून नजर काढत नाही. काढली की पाठ मातीला. जिममध्ये एक फेरी झाली की सात मिनिटं मोबाइल बघणाऱ्याचा तास माझ्या पंचवीस मिनिटांएवढा भरतो. फोन पिशवीत ठेवा. ज्या स्नायूसाठी हालचाल चाललीये तिथे लक्ष ठेवा, मोठ्यानं मोजा, श्वास कोंडू नका. दिवसातली ही एवढीच वेळ अशी असते की मला कुणाचा हिशेब जुळवायचा नसतो.

खुराकाबद्दल एवढंच, की बदाम, तूप आणि थंडाई ही पहाटे चारपासून राबणाऱ्या अंगाची गरज आहे. अर्धा तास चालून गंगावेशीत दोन पेले दूध आणि वर मिसळ हाणणाऱ्याचं वजन का वाढतं, याचं कोडं पडायचं कारण नाही. धारोष्ण दुधाचा मोह मलाही आहे, पण कच्च्या दुधातून जंतू येतात. उकळून प्या. डाळ, उसळ, अंडी, दही यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असलं की प्रथिनांचं बरंचसं भागतं.

पाचवं पाऊल : आपली इशारा पातळी ओळखा

जुलैत आपण सगळे कोल्हापूरकर रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. अंगालाही अशा दोन पातळ्या असतात, आणि वहीतली सकाळची नाडी ही बंधाऱ्यावरची मोजपट्टी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी सलग दोन-तीन दिवस वर राहिली, झोप तुटक झाली, कालचेच जोर आज जड वाटले, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड झाली, तर इशारा पातळी आली असं समजा. दोन दिवस ताकदीचा व्यायाम बंद, फक्त चालणं, आणि झोप अर्धा तास जास्त. तेवढ्यानं पाणी बहुतेक वेळा उतरतं. ताप असेल तर चालणंही नको.

छातीत दुखणं किंवा दडपण, थोड्या श्रमानंही धाप, चक्कर, हातात किंवा जबड्यात कळ, ही धोका पातळी. तिथे वही बंद करायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि बरीच वर्षं अंग न हलवलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं.

आठवडा बिघडणार, हे धरूनच चाला. गणपती, नवरात्र, मार्चअखेरचे हिशेब, ज्यांचा ऊस आहे त्यांचा गळीत हंगाम. अशा आठवड्यात दहा मिनिटांचा किमान कार्यक्रम ठेवायचा. एक फेरी जोर, एक फेरी बैठका, जिना पाच वेळा. बुडालेला व्यायाम पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरू नका, गुडघे तिथेच जातात. पावसात रंकाळा बंद म्हणून व्यायाम बंद, असंही नको. आमच्या इमारतीचे तीन मजले जून ते सप्टेंबर माझा रंकाळा असतो.

माझा सध्याचा आठवडा असा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी चाळीस मिनिटं झपाझप चालणं. मंगळवार आणि शनिवारी संध्याकाळी पंचवीस मिनिटं जोर-बैठका. गुरुवारी जेवणानंतर शतपावली, बाकी काही नाही. रविवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी वहीत पान कोरं सोडत नाही. "झोपलो" असं लिहितो, नाडीचा आकडा टाकतो, आणि मटण आणायला पिशवी घेऊन बाहेर पडतो.