पट्टा बांधण्याआधीची पाच मिनिटे

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी एक पन्नाशीची बाई आमच्या उपकेंद्रात आली. वावरातून दोन किलोमीटर चालत आलेली, कपाळावरचा घाम पदराने टिपत ती बाकावर टेकली आणि मी लगेच तिच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. तिचा हात बाकाखाली लोंबत होता, ती मला मजुरीचा दर सांगत होती आणि मशीनवर आकडा आला १६८/९८. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला लघवीला जाऊन यायला सांगितले, पाठ भिंतीला टेकवून खुर्चीवर बसवले, हात टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटे दोघांनीही बोलणे बंद केले. दुसऱ्यांदा आकडा आला १३६/८४. मधल्या वेळात तिला एकही गोळी दिलेली नव्हती. पहिल्या आकड्यावर विसंबलो असतो, तर तिच्या कार्डावर तिला नसलेला आजार चढला असता.

रक्तदाब मोजायला अवघड नाही, पण घाईने मोजला तर तो खोटे सांगतो; म्हणून हा आकडा म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांच्या भिंतीवर जो जोर देते तो वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असताना जो जोर उरतो तो खालचा, म्हणजे डायस्टोलिक. हा जोर पाऱ्याच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये सांगतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, त्यामुळे १२० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण १६३ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ. उभ्या माणसाच्या उंचीएवढे पाणी तोलून धरील इतका हा जोर निरोगी माणसाच्या धमन्या प्रत्येक ठोक्याला सोसतात. तो वर्षानुवर्षे जास्त राहिला की मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा यांच्यातल्या बारीक वाहिन्या आधी खराब होतात, आणि बहुतेकांना ते होत असताना काहीच जाणवत नाही. "डोकं दुखत नाही, म्हणजे मला बीपी नाही" हे वाक्य मी गावोगाव ऐकले आहे. त्यावर भरवसा ठेवू नये.

पाण्याच्या याच हिशेबातून हाताच्या उंचीचा नियमही कळतो. दंड हृदयाच्या पातळीच्या दहा सेंटिमीटर खाली असला, तर तेवढ्या रक्ताच्या वजनाने आकडा सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो. दंड तेवढाच वर असला तर तेवढाच कमी येतो. म्हणून पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर यावा आणि हात टेबलावर किंवा उशीवर आधाराने ठेवावा. हात स्वतःच्या जोराने उचलून धरला तरी आकडा चढतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आपली सवय असली, तरी मोजताना पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसावे, तळपाय जमिनीवर टेकवावेत आणि पायावर पाय टाकू नये.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा नको. आपल्याकडे खर्रा गालात ठेवूनच माणूस समोर बसतो आणि विचारले तर "नाही" म्हणतो. पण तंबाखूतल्या निकोटिनने वाहिन्या आवळतात आणि नाडी वाढते, म्हणून तोंड धुऊन थोडा वेळ जाऊ द्यावा. लघवी तुंबलेली नसावी. पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा फुगत असताना मोजणाऱ्यानेही बोलू नये, कारण प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देणारच, आणि नुसत्या बोलण्यानेही आकडा वाढतो.

पट्ट्याच्या मापाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते. नेहमीच्या पट्ट्यावर बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर असा दंडाचा घेर छापलेला असतो. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंड मोजून पाहावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो, हे बरेच जण सांगतात. पण आपल्या मजूर बायांचे दंड पुष्कळदा २२ पेक्षा बारीक असतात. त्यांना हाच पट्टा मोठा पडतो आणि खरा वाढलेला रक्तदाब कमी दिसतो. ही चूक मला जास्त घातक वाटते, कारण त्या बाईला सगळे ठीक आहे असे सांगून घरी पाठवले जाते. अशा वेळी लहान पट्टा मागून घ्यावा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधावा, आत दोन बोटे जेमतेम शिरतील इतकाच घट्ट. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर ठेवण्यापेक्षा हात बाहेर काढलेला बरा.

स्टेथोस्कोपने मोजण्याची पद्धत रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली आणि ती आजही तीच आहे. आधी मनगटाची नाडी बोटाखाली धरून हवा भरावी, नाडी लागेनाशी होते त्या आकड्याच्या ३० वर जावे आणि मग सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर अशा वेगाने हवा सोडावी. पहिला स्पष्ट ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबतात तो खालचा. आकडा जसा आला तसाच, दोनच्या पटीत लिहावा. वहीभर १२०/८० आणि १३०/८० दिसू लागले, तर मोजमाप झाले नाही, अंदाज लिहिला गेला, असे मी समजतो.

घरासाठी दंडावर बांधायचे बॅटरीचे मशीन घ्यावे. मनगटाच्या मशीनमध्ये हाताची उंची थोडी चुकली तरी आकडा बदलतो. नाडी अनियमित असेल तर मशीनचा आकडा डॉक्टरांकडून पडताळून घ्यावा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजावे आणि ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे वापरावा. दोन्हींत १० पेक्षा जास्त फरक पुन्हापुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. निदानासाठी सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला धरतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० आहे आणि तिथेही वेगवेगळ्या दिवशी मोजूनच ठरवतात.

आकडा १८०/१२० च्या घरात गेला तर थोडा वेळ शांत बसून पुन्हा मोजावे आणि तो तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शेजाऱ्याची किंवा स्वतःची जादा गोळी घेऊ नये. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडे बोलणे किंवा अचानक दिसेनासे होणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करावा.

आपल्याकडच्या मे महिन्यात उलट अडचण येते. पारा ४५ अंशांवर जातो, घामाने अंगातले पाणी कमी होते आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी बसून एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा कमी करायची की बदलायची, हे ते त्या वहीवरून ठरवतील.