गावातल्या वाड्यात द्वोर्झाकचं 'अमेरिकन' क्वार्टेट रेकॉर्ड करायचं तर

दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाकचं एफ मेजरमधलं १२ वं क्वार्टेट (चार वाद्यांची रचना), ओपस ९६, चार भागांचं, साधारण २५ ते २७ मिनिटांचं आहे. १८९३ च्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक वस्तीच्या खेड्यात त्यानं ते लिहिलं. कच्चा खर्डा तीन दिवसांत झाला आणि २३ जूनला सगळं पूर्ण. त्याच्या मृत्यूला (१९०४) शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे रचनेच्या हक्काची अडचण नाही. नव्या संपादित स्वरलिपीची प्रत वापरणार असाल तर तिच्या प्रकाशकाच्या अटी मात्र वाचून घ्या.

विदर्भातल्या खेड्यात हे नीट रेकॉर्ड होतं. फक्त जागा आणि वेळ आधी ठरवा, मायक्रोफोन नंतर. महागडा मायक्रोफोन आणून चुकीच्या खोलीत लावला तर तो चुकीची खोलीच जास्त स्पष्ट ऐकवतो.

जागा

जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊ नका. दिवसभर तापलेले पत्रे सूर्य मावळल्यावर आकसतात आणि दोन-तीन तास टकटक करत राहतात. शाळेचा दहा फूट उंचीचा स्लॅबचा हॉलही नको, तिथे आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत जाड भिंतीचा, लाकडी तुळयांचा मोठा दिवाणखाना मिळाला तर तोच घ्या. उंची निदान १२ ते १४ फूट, लांबी ३० फुटांच्या आसपास हवी.

खोलीच्या मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा. आवाज एक ते दीड सेकंदात सरळ विरत गेला तर खोली चांगली. 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकताहेत. त्यातल्या एकाच भिंतीवर दोन-तीन कापसाच्या गाद्या उभ्या टेका. चारही भिंती गाद्यांनी झाकण्याचा मोह होतो, तो आवरा. गादी वरचे, उंच स्वर खाते, खालचा घुमारा तसाच ठेवते. मग व्हायोलिन मेल्यासारखं वाजतं आणि चेलो घुमतच राहतो.

वेळ

मे महिन्यात ४५ अंशांत कूलरशिवाय कोणी बसू शकत नाही आणि कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. पावसाळ्यात बेडूक. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर. मधला जानेवारी ते मधला फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. त्यातही हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू असतं, म्हणून शेतीच्या थ्री फेजची पाळी कोणत्या रात्री आहे ते गावच्या वायरमनला विचारा. मोटारी दिवसा चालतील असा आठवडा निवडा. लग्न, सप्ताह, जत्रा यांच्या तारखाही आधी बघा.

दोन रात्री धरा, रोज १० ते २. गल्लीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा ठेवा, मोटारसायकल आली की त्यानं खूण करायची. पहिल्या रात्री आधी चौथा भाग घ्या, तो जोरकस आहे, गावातला उरलासुरला आवाज त्यात दबतो. मग पहिला. मध्यरात्रीनंतर, गाव गाढ झोपल्यावर, दुसरा म्हणजे 'लेंतो', संथ भाग. तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनला उंचावर पक्ष्याची लकेर वाजवायची असते, ती दुसऱ्या रात्री ताज्या हातांनी.

रातकिड्यांची किरकिर बहुधा ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. नेमक्या त्याच जागी व्हायोलिनचे वरचे उपस्वर असतात, त्यामुळे नंतर ती गाळायला गेलात की व्हायोलिनची चमक तिच्याबरोबर जाते. दारं-खिडक्यांच्या फटीत गोधड्या आधीच कोंबा. पाल चुकचुकली तर तो टेक (एका दमात चाललेलं रेकॉर्डिंग) तिथेच थांबवा.

वीज

मेन स्विच बंद करा. ट्यूबलाइटचा चोक १०० हर्ट्झवर गुणगुणतो, स्वस्त इन्व्हर्टर त्याहून वाईट. रेकॉर्डर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, उजेडाला चार्जिंगचे एलईडी दिवे. मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (रेकॉर्डरमधून केबलवाटे जाणारी वीज) दिला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून भरलेल्या दोन पॉवर बँका हाताशी असू द्या.

बसणं

या क्वार्टेटची सगळी नाडी व्हिओलात आहे. द्वोर्झाक स्वतः व्हिओला वाजवायचा. पहिल्या दोन बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतलं तालाचं एक माप) व्हायोलिनं झुळझुळत राहतात आणि तिसऱ्या बारला मुख्य धून व्हिओला घेऊन येतो. तो मायक्रोफोनकडून पाहता उजव्या टोकाला बसला तर त्याच्या पोटावरची एफ-छिद्रं मागच्या भिंतीकडे वळतात आणि ती धून दुरून, कांबळ्याआडून आल्यासारखी वाटते. म्हणून मायक्रोफोनकडून पाहता डावीकडून क्रम असा ठेवा: पहिलं व्हायोलिन, दुसरं, व्हिओला, चेलो. अर्धवर्तुळ सव्वादोन ते अडीच मीटर रुंद. एवढं करूनही व्हिओला दबला तर मायक्रोफोनला हात लावण्याआधी त्याची खुर्ची १५-२० अंश समोर वळवा.

प्लॅस्टिकच्या हाताच्या खुर्च्या नकोत, कोपर अडतं आणि त्या कुरकुरतात. शाळेतल्या बिनहाताच्या लाकडी खुर्च्या आणा, प्रत्येकीवर बसून, हलून बघा. नोटेशनचे धातूचे स्टँड खाली आणि आडवे ठेवा, त्यांवर टॉवेल घाला.

चेलोचा एंडपिन, म्हणजे खालचा टोकदार दांडा, सारवलेल्या जमिनीत रुततो आणि शहाबादी फरशीवर सटकतो. दीड फुटी फळीला खोबण करून ती सुतळीनं खुर्चीच्या पुढच्या पायांना बांधा. फळीखाली पोकळी राहू देऊ नका, ती ढोलासारखी वाजते. घडी घातलेलं पोतं अंथरून तिच्यावर फळी ठेवा.

थंडीत हवा कोरडी झाली की खुंट्या आकसून सैल पडतात आणि तारा उतरतात. वाद्यं तासभर आधी त्याच खोलीत उघडी ठेवा. जुळवणीचा 'ए' स्वर ४४० हर्ट्झचा की ४४२ चा ते एकदाच ठरवा आणि दर टेकच्या आधी त्याच ट्यूनरवर तपासा. शेकोटी खोलीत नको. बोटं गरम ठेवायला गरम पाण्याच्या पिशव्या.

मायक्रोफोन

एक चांगली जोडी पुरते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) असतील तर ओआरटीएफ नावाची पद्धत: दोन कॅप्सूलमध्ये (मायक्रोफोनच्या आवाज टिपणाऱ्या टोकांमध्ये) १७ सेंमी अंतर, ११० अंशांचा कोन. खोली सुंदर असेल तर दोन ओम्नी (चहूकडचा आवाज घेणारे), ४० ते ६० सेंमी अंतरावर. सुरुवात अर्धवर्तुळापासून अडीच मीटर दूर, अडीच मीटर उंचीवर करा. स्टँडच्या पायावर गव्हाची पाच-सात किलोची थैली टाका. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरकस जागी पातळी -१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

आता तीन तुकडे, एकेक मिनिटाचे: पहिल्या भागाची सुरुवात, लेंतोचा शेवट, चौथ्या भागातली सगळ्यात गाजणारी जागा. बंद हेडफोनवर ऐका. गजाची खरखर पुढे येत असेल तर स्टँड ३० सेंमी मागे घ्या, इक्वलायझरला हात लावू नका. चेलो घुमत असेल तर सगळं अर्धवर्तुळ कोपऱ्यापासून मीटरभर सरकवा. दर वेळी एकच गोष्ट बदला.

जवळचे वेगळे मायक्रोफोन लावलेच तर ते मुख्य जोडीच्या १२ ते १५ डेसिबल खाली मिसळा. ते मुख्य जोडीपेक्षा वाद्याच्या तीन मीटर जवळ असतील तर त्यांचा आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा येईल असा सरकवा, नाहीतर एकाच वाद्याचे दोन ठसे ऐकू येतात.

टेक

प्रत्येक भाग आधी दोनदा सलग वाजवून घ्या, तुकडे नंतर. उलट केलंत तर वादक चुका टाळायला वाजवतात आणि ते ऐकू येतं. एकानं स्वरलिपी समोर धरून टेकचा क्रमांक, बार आणि मेट्रोनोमची गती वहीत लिहावी. दोन वाजायला आले की गती नकळत उतरते आणि तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. तुकडा हवा असलेल्या जागेच्या सात-आठ बार आधीपासून सुरू करा. म्हणजे जोडाच्या जागी खोलीत आधीच्या स्वराची आस असते आणि २०-३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा वर येणं) कानाला कळत नाही. जोड नेहमी नव्या स्वराच्या सुरुवातीला टाका, लांबवलेल्या स्वराच्या मध्ये नाही.

लेंतोच्या शेवटी धून एकट्या चेलोकडे येते आणि बाकीचे तिघे कधी गजानं, कधी तार छेडून साथ करतात. शेवटचा स्वर संपल्यावर कोणीही गज खाली आणायचा नाही, पान उलटायचं नाही, श्वास सोडायचा नाही. मनात सावकाश आठ मोजा. मग सगळ्यांना तसंच बसवून रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज घ्या, दोन भागांमधली शांतता त्याच आवाजानं भरायची असते.