क्लास टू कंपोझिट: कोरडं म्हणजे नक्की किती कोरडं?

नेरुळ-खारघरच्या कॉलेजांतून बाहेर पडून ठाण्यातल्या एखाद्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून उभं राहिलं, की पहिल्याच आठवड्यात क्लास टू समोर येतो, म्हणजे दाढांच्या एकमेकींना लागून असलेल्या बाजूची कीड. ती काढून दाताच्या रंगाचं कंपोझिट भरायचं असतं. ब्लॅकचं वर्गीकरण, भिंती, लाइन अँगल येतात असं धरूनच लिहितो आहे. कॅव्हिटी बहुतेकांची बरी होते. घोळ होतो तो एचिंगनंतरच्या, म्हणजे दाताला ॲसिड लावून धुतल्यानंतरच्या काही सेकंदांत.

३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड आधी इनॅमलच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण थराच्या) कडांना, शेवटी डेंटिनला (त्याखालच्या थराला). डेंटिनवर १५ सेकंदांच्या वर नाही म्हणजे नाही. धुवायला निदान तितकाच वेळ. यानंतर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसायला हवं म्हणून हवा-पाण्याची थ्री-वे सिरिंज दाबून धरली जाते आणि त्याच झोतात डेंटिनही वाळतं. ॲसिडने खनिज काढून नेल्यावर डेंटिनवर कोलॅजनचं उघडं जाळं उरतं, ते पाण्याच्या आधारानेच उभं असतं. पाणी उडालं की ओल्या केसांच्या बटेसारखं एकमेकांना चिकटून बसतं. मग फिलिंगला दाताशी चिकटवणारं बाँडिंगचं रेझिन त्यात शिरणार कुठून? वर फिलिंग चकाचक आणि खाली डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका उघड्या. चार दिवसांत पेशंट परत येतो: ‘डॉक्टर, गार पाण्याने झिणझिणतं, चावताना कळ येते.’

म्हणून हवा फक्त इनॅमलच्या कडेवर, तिरकी. डेंटिनवरचं पाणी कापसाच्या बारीक बोळ्याने टिपा. ओलसर चकाकी हवी, कोपऱ्यात साचलेलं पाणी नको. त्यानेही बाँड कमजोर होतो. जास्त वाळलंच तर घाबरू नका, पुन्हा एच करायची गरज नसते. अप्लिकेटर पाण्यात बुडवून डेंटिन अर्धा मिनिट ओलं ठेवा, टिपा, पुढे जा. ॲसिटोनच्या बाँडिंगला ही ओल जास्तच लागते.

हात बसेपर्यंत माझं मत सरळ आहे: ॲसिड फक्त इनॅमलला लावा आणि डेंटिनवर युनिव्हर्सल बाँडिंग, ज्याला तिथे वेगळं ॲसिड लागत नाही. ‘आम्ही असंच करत आलो’ म्हणणाऱ्या सिनियरकडून मॅट्रिक्स आणि वेज जरूर शिका, पण सुकवायची पद्धत उचलू नका.

बाँडिंग २० सेकंद घासून लावा, थर हलायचा थांबेपर्यंत हलकी हवा द्या, मग क्युअर, म्हणजे लाइटने कडक करा. बाटली फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तोवर उघडू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ड्रेन रोज उघडा आणि सिरिंजची हवा आधी आरशावर सोडून पाहा. थेंब किंवा तेलाचा पट्टा दिसला तर बाकीची सगळी काळजी फुकट. झिंक ऑक्साइड युजेनॉलची टेम्पररी काढून लगेच कंपोझिट भरणंही टाळा. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावायचाच, त्याबद्दल वाद नको.

कंपोझिटचे थर २ मिलिमीटरचे, प्रत्येकी २० सेकंद लाइट. जाड थरासाठीचं बल्क-फिल कंपोझिट ४ मिलिमीटरपर्यंत चालतं. वेळ वाचतो म्हणून खोल बॉक्स एका दमात भरू नका, तळाशी उजेड पोचत नाही.

तरीही कोणी दुखतंय म्हणून आलंच, तर आधी आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे चावताना दात कुठे टेकतो ते दाखवणारा रंगीत कागद. उंच बिंदू उतरवला की पुष्कळांचं दुखणं थांबतं. त्यानेही नाही थांबलं, तर फिलिंग काढून बाँडिंग नव्याने. रात्री आपोआप ठणकत असेल किंवा गाराची कळ रेंगाळत असेल, तर प्रश्न पल्पचा, म्हणजे दाताच्या आतल्या नसेचा आहे. रूट कॅनालबद्दल त्याच भेटीत बोला.