भिंतीवरच्या कोशातला पतंग कसा ओळखावा

पावसाळ्यात ठाण्यातील ओल धरलेल्या भिंतींवर, विशेषतः जुन्या इमारतींच्या जिन्यांत आणि कपाटांमागे, भोपळ्याच्या बीसारखा चपटा, करड्या रंगाचा कोश हळूहळू सरकताना दिसतो. पुष्कळजण त्याला कचरा समजून झाडून टाकतात. वस्तुतः ते टिनिइडी कुलातील फेरिओइका प्रजातीच्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) एका लहान पतंगाच्या अळीचे घर असते.

प्रथम कोश भिंगाखाली पाहावा. तो साधारण 8 ते 14 मिलिमीटर लांब, मध्ये रुंद व दोन्ही टोकांना निमुळता असतो. आतून रेशमी अस्तर आणि बाहेरून वाळूचे कण, धागे, किड्यांचे तुकडे अशी त्याची बांधणी असते. दोन्ही टोके उघडी असल्यामुळे अळी आतल्या आत वळून कोणत्याही बाजूने डोके बाहेर काढते. हे पाहण्यासाठी कोश काही वेळ स्थिर ठेवावा आणि त्याला डिवचू नये.

पतंग पाहायचा असल्यास कोश झाकणाला बारीक भोके पाडलेल्या पारदर्शक डबीत ठेवून त्यात कोळ्याची जुनी जळमटे आणि लोकरीचा धागा घालावा. जळमटे हे या अळीचे आवडते खाद्य आहे. पतंग बाहेर पडला की कोषावरणाचा (अळीचा पतंग होताना अंगाभोवती असलेल्या कवचाचा) रिकामा भाग कोशाच्या टोकाशी अर्धा बाहेर राहिलेला आढळतो.

पतंगाला बोट लावू नये, कारण पंखांवरील खवले गळतात आणि ओळखीची खूणच नाहीशी होते. पट्टी शेजारी ठेवून वरून व बाजूने छायाचित्रे घ्यावीत. करडे पुढचे पंख, त्यांवर काही गडद ठिपके, मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांची झालर आणि डोक्यावर विस्कटलेले केस ही लक्षणे तपासावीत. मादीच्या पंखांचा विस्तार 10 ते 13 मिलिमीटर असतो, नर त्याहून लहान असतो.

आता वर्गीकरण. गण लेपिडॉप्टेरा (फुलपाखरे व पतंग), कुल टिनिइडी, प्रजाती फेरिओइका. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर, म्हणजे 1758 मध्ये लिनिअसने नोंदवलेली टिनिआ पेलिओनेला, याच कुलातली आहे. तिच्या पंखांवरही ठिपके असल्याने गोंधळ होतो, मात्र तिचा कोश चपटा नसून नळीसारखा असतो. म्हणून पतंगाबरोबर रिकामा कोशही जपून ठेवावा. घरांत आढळणारी जाती बहुधा फेरिओइका युटेरेला मानली जाते, जिचे वर्णन 1897 मध्ये वॉल्सिंगहॅम यांनी केले. परंतु जवळच्या जाती जननेंद्रियांची सूक्ष्म रचना पाहूनच वेगळ्या करता येतात, त्यामुळे केवळ छायाचित्रावरून नोंद करताना प्रजातीपाशी थांबावे आणि सोबत दिनांक, ठिकाण व भिंतीतील ओल यांचा उल्लेख करावा.