पाभर जुंपण्याआधी फणाचा तांबेरा काढा

तांबेरा म्हटलं की आपण पिकाच्या पानावरच्या रोगाकडे बघतो, पण लोखंडावरचा गंज हाही तांबेराच. उत्तरा नक्षत्र लागून रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आली की आधी शेडमध्ये जाऊन पाभरीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, फणाकडे (जमिनीत घुसणाऱ्या दाताकडे) बघा. सोलापूरकडे पाऊस कमी, म्हणून लोखंडाला काही होत नाही असा आपला समज. गंजायला धो-धो पाऊस लागत नाही, फणाला चिकटलेली ओली काळी माती पुरते. ती चिखलासारखी ओल धरून बसते.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची खतपेटी आधी उघडा. मागच्या हंगामातलं डीएपी खत तळाशी राहिलं असेल तर त्याने हवेतली ओल ओढून पत्रा कुरतडलेला दिसेल. पेटी खरवडा, धुवा, वाळवा. खताची पोती आणि अवजारं एकाच कोपऱ्यात ठेवायची सवयही मोडा.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने निघतो. खोल गेलेल्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घ्या, एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम. पाना, पकड, विळा, खुरपं प्लास्टिकच्या टबात बुडवून दर दोन-तीन तासांनी बघत राहा. जास्त गंज असेल तर रात्रभर ठेवा, त्याहून जास्त नको. आम्ल गंज संपला की लोखंडालाही लागतं. वर राहिलेला काळा थर ब्रशने जातो. ॲल्युमिनियमचे भाग, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि स्प्रिंग यात घालू नका. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. त्याची वाफ शेजारी टांगलेल्या चांगल्या अवजारांनाही गंज चढवते.

खरी चूक इथून पुढे होते. अवजार चकचकीत झालं की आपण खूश होऊन चहाला जातो, परत येईपर्यंत त्यावर नारिंगी छटा उमटलेली असते. उघडं पडलेलं लोखंड फार लवकर गंजतं. म्हणून टबातून काढल्याबरोबर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, पुसा, उन्हात ठेवा आणि कोमट असतानाच तेल लावा. हात तेवढा वेळ मोकळा नसेल तर त्या दिवशी गंज काढायलाच घेऊ नका.

डाळिंबवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तेल्या हा डाळिंबाचा रोग पसरू नये म्हणून सिकेटर (छाटणीची कात्री) जंतू मारणाऱ्या हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवत छाटणी करता, ते बरोबरच आहे. पण तेच पाणी पोलादाला खातं. दिवस संपला की सिकेटर खोला, साध्या पाण्याने धुवा, पुसा, सांध्यात मशीन तेलाचे दोन थेंब सोडा. बोर्डो मिश्रणाचंही, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याचंही, तसंच. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. जे खिळ्याचं होतं तेच लोखंडी बादलीचं होतं, म्हणून मिश्रण प्लास्टिकच्याच भांड्यात करा.

इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल सगळीकडे फासायची आपली रीत मला पटत नाही. ते हाताच्या कातडीला वाईट. पेरणीनंतर वर्षभर टांगून ठेवायच्या फणाला ग्रीस लावा आणि पुढच्या वेळी पुसून मगच जुंपा. पकड-पान्यांना मेण चोळलं तरी चालतं, धूळ कमी बसते. घरचं करडईचं तेल पात्याला नको, ते हळूहळू सुकून चिकट होतं. लाकडी दांड्याला मात्र तेच गुणाचं, लाकडात मुरतं आणि वर पातळ कवच धरतं. दांडा पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, असा बोळा आतून तापून आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी मोकळी पसरून उन्हात वाळू द्या.