विमानातून तातडीने बाहेर पडताना

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानातून सर्व ३७९ जण सामान आतच सोडून बाहेर पडले, तेव्हा आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती. याउलट, २०१६ साली तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर आदळल्यानंतर धुराने भरू लागले असतानाही काही प्रवासी डोक्यावरील कप्प्यांतून बॅगा काढत होते. विमानातील ३०० जण वाचले, हे सुदैवच म्हणावे लागेल.

खरी तयारी उड्डाणापूर्वीच करावी. पासपोर्ट, फोन आणि रोजची औषधे खिशात किंवा अंगावरील छोट्या पाऊचमध्ये ठेवल्यास बॅगेचा मोह उरत नाही. पुढील आणि मागील दारापर्यंत किती रांगा आहेत त्या मोजाव्यात, कारण धुरात दिसेनासे झाले तरी हाताने चाचपत तेथे पोहोचता येते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बूट पायातच असू द्यावेत.

बाहेर पडण्याचा आदेश मिळताच पट्टा सोडावा, धूर असल्यास वाकून चालावे आणि कर्मचारी दाखवतील त्याच दाराकडे जावे. दाराशी उलगडून फुगणाऱ्या घसरपट्टीवर बसून न सरकता थेट उडी मारावी. उंच टाचांची पादत्राणे मात्र आधी काढावीत, कारण त्यांच्यामुळे, तसेच बॅगेच्या चाकांमुळे घसरपट्टी फाटू शकते. लॅपटॉपची बॅग लहान असली तरी अपवाद नाही. खाली पोहोचल्यावर चित्रीकरणासाठी न थांबता विमानापासून दूर जावे.