चर्चच्या दप्तरातील वर्णभेद मंडळीने एकत्र कसा वाचावा

अमेरिकेतील एखाद्या जुन्या मंडळीला, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाला, वर्णभेदाच्या इतिहासाला सामोरे जायचे असेल, तर तिने आरंभ स्वतःच्या दप्तरापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदवह्या, कमिटीची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या आणि जागेची खरेदीखते पाच-सहा जणांच्या गटाने बाहेर काढावीत, आणि दक्षिणेकडील मंडळ्यांनी त्यांतील देणगीदारांची नावे १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या स्वतंत्र याद्यांशी ताडून पाहावीत. त्या याद्यांत मालकाच्या नावाखाली माणसांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहिलेले असते. त्यांची नावे बहुधा नसतातच. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वहीतले एखादे एकाकी नाव हाच त्या व्यक्तीच्या अस्तित्वाचा उरलेला लेखी पुरावा असू शकतो. अशी नावे उतरवून घेताना मुळीच घाई करू नये.

गुलामगिरी संपली तेथे वाचन थांबवू नये. १९३९ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या शाखा एकत्र आल्या तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांना वर्णाच्या आधारावर वेगळ्या प्रशासकीय विभागात घालण्यात आले आणि ती रचना १९६८ पर्यंत टिकली. कोणाच्या मनात द्वेष नसतानाही केवळ नियमांच्या बळावर अन्याय कसा चालत राहतो, हे या एका उदाहरणावरून मंडळीच्या सभेला समजावून देता येते.

सभेत कृष्णवर्णीय सभासदांकडून त्यांच्या दुःखाच्या कहाण्यांची अपेक्षा ठेवू नये. त्यांना बोलावेसे वाटले तर बोलतील, आणि गप्प राहिले तर त्याचे कारण कोणी विचारू नये. ‘आमच्या घराण्याने गुलाम ठेवले नव्हते’ असा आक्षेप हमखास येतो. तेव्हा चर्चची इमारत कोणाच्या पैशाने उभी राहिली, हे कागद पुढे ठेवून दाखवावे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांनाही या चर्चेबाहेर राहता येत नाही, कारण स्थलांतरविषयक ज्या १९६५ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत मोठ्या संख्येने स्थायिक होता आले, तो नागरी हक्कांच्या चळवळीने घडवलेल्या वातावरणातच संमत झाला होता.

यानंतर माफीचा ठराव करावा. गुलाममालकांना मिशनरी म्हणून नेमण्याच्या वादातून १८४५ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकी प्रोटेस्टंट संघटनेने तसा ठराव १९९५ मध्ये केला, म्हणजे त्यास दीडशे वर्षे लागली. मात्र बायबलमधील जक्कय या जकातदाराने पश्चात्तापाबरोबरच लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन दिले होते, याची पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मंडळीला आठवण करून द्यावी. मेरीलँडच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथॉलिक धर्मसंघाच्या सदस्यांनी, १८३८ मध्ये गुलाम म्हणून ठेवलेली २७२ माणसे विकली होती. २०२१ मध्ये जेझुइटांनी त्या माणसांच्या वंशजांबरोबरच्या निधीसाठी दहा कोटी डॉलर उभे करण्याचे जाहीर केले. लहान मंडळीची रक्कम लहान असेल, परंतु ती वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर लिहावी, तिच्या विनियोगाचा निर्णय वंशजांच्या किंवा शेजारच्या कृष्णवर्णीय मंडळीच्या प्रतिनिधींसह घ्यावा, आणि हिशेब दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा.